इंजिन खोलायचं की नाही?

भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक इंजिन आलं, ते निकालासकटच. "काका, इंजिन गेलंय. बोअर करा, पिस्टन-रिंगा टाका. पावसाच्या आत पाहिजे." टेम्पोतून ते उतरवणाऱ्या बचाव गटातल्या चौघांच्या मनात शंका नव्हती. आधी ज्यांना दाखवलं त्यांनीही तेच सांगितलं होतं: फुल इंजिनचं काम, नाहीतर भंगार.

इंजिन बोटीचं होतं. बोटीच्या मागच्या फळीला लटकवतात ते आउटबोर्ड. बचावकार्यातली मंडळी त्याला नुसतं 'ओबीएम' म्हणतात. 30 हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, वय 15 वर्षं. तक्रारी तीन होत्या. गरम झाल्यावर बंद केलं की पुन्हा लवकर सुरू होत नाही. धूर फार येतो. आणि चार माणसं बसली की बोट पाण्यावर उठतच नाही, नाक वर करून पाणी रेटत राहते.

काकांनी पाना हातात घेतला नाही. त्यांनी विचारलं, "पेट्रोलचा हिशेब ठेवता का रे?"

चौघांपैकी सगळ्यात तरुण होता तो चाकणच्या एका वाहन कारखान्यात इंजिन जोडणीच्या लाइनवर काम करणारा. पहिल्या पाळीला जायचं, सुट्टीच्या दिवशी नदीवर जीवरक्षक म्हणून उभं राहायचं, असा त्याचा शिरस्ता. वही त्याच्याचकडे होती. वर्षाला दीडशे ते दोनशे लिटर पेट्रोल, पावसाळ्यात जास्त, एरवी जवळजवळ शून्य. काकांनी भिंतीवरच खडूने गणित मांडलं. एवढं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला दहा लिटरच्या वर पितं. पण बुडालेल्याचा शोध घेताना बोट बहुतेक वेळ मंद चालते, तेव्हा सरासरी 5 लिटर धरायला हरकत नाही. म्हणजे वर्षाला 30 ते 40 तास, आणि 15 वर्षांत साडेचारशे ते सहाशे. कोकणातला मच्छीमार एवढे तास एखाद-दोन हंगामांत ओलांडतो, आणि नीट सांभाळलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड हजार तासांच्या पुढेही चालतं.

"मग हे झिजलं कधी?" काकांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, पण इंजिनाकडे बघण्याची चौघांची नजर तिथेच थोडी बदलली. वय आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या इंजिनाला पिस्टन झिजण्याचा धोका कमी असतो. त्याचं रबर कडक होतं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो, विजेच्या जोडांवर गंज चढतो. ही सगळी दुखणी बाहेरची. ती दिसतात मात्र पिस्टन गेल्यासारखीच.

समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, प्रेस शॉप आणि फोर्जिंगच्या गर्दीत बोटीचं इंजिन कशासाठी, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. इथल्या माणसाला पडत नाही. पिंपरी-चिंचवड हे नद्यांचं शहर आहे. पवना शहराच्या मधून वाहते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. पुणे-नाशिक रस्त्याने मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली की चाकणचा पट्टा सुरू होतो. साडेआठ टीएमसीच्या पवना धरणातून विसर्ग वाढला की सांगवी, पिंपळे गुरव, दापोडीतल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं. जुलै 2024 मध्ये ते शिरलं तेव्हा लोकांना घरांतून हलवावं लागलं. 15 जून 2025 रोजी इंदोरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तिथून जवळच, सुदुंबऱ्याला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांच्या बोटींची देखभाल त्यांच्या शिस्तीत होते. पण नदीकाठच्या स्वयंसेवी गटांकडे एखादीच बोट, एखादंच इंजिन असतं, आणि ते बिघडलं की भोसरीच्या गल्ल्यांशिवाय दुसरा आधार नसतो.

या गल्ल्यांना टू-स्ट्रोक कळतं, त्याला कारण आहे. बजाजची चेतक 1972 मध्ये आली आणि आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या स्कूटरांनी पुढची कितीतरी वर्षं देश व्यापला. ज्या गावात स्कूटर बनते त्या गावात ती दुरुस्त करणारे हातही तयार होतात. काका त्यांतलेच. आयटीआय केलं, चिंचवडच्या गॅरेजमध्ये उमेदवारी केली, आणि किक मारल्यावर येणाऱ्या नुसत्या आवाजावरून रिंगा गेल्या की प्लग शॉर्ट झाला हे सांगायला शिकले. 2009 च्या अखेरीस बजाजने स्कूटरचं उत्पादन थांबवायचं ठरवलं. आजची चेतक विजेवर चालते. लिटरला 20 मिली ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायची ती जुनी विद्या आता या पट्ट्यात प्रामुख्याने बोटींच्या मागे उरली आहे. स्कूटरचं इंजिन हवेने थंड होतं, हे नदीच्या पाण्याने. बाकी शरीररचना बरीचशी तीच.

पाण्याने भरलेल्या पिंपात शेपूट बुडवून, लोखंडी घोडीवर इंजिन कसलं गेलं. दोरी ओढली. सहाव्या झटक्याला सुरू झालं. इंजिनाच्या मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते. आतला पंप थंड करणारं पाणी फिरवतोय याची ती खूण. ही धार करंगळीएवढी जोरकस हवी. इथे ती नळाच्या शेवटच्या पाण्यासारखी गळत होती. काकांनी पाच मिनिटांत इंजिन बंद केलं, प्लग काढले आणि पांढऱ्या कापडावर शेजारी-शेजारी ठेवले.

प्लग वाचणं ही टू-स्ट्रोकवाल्यांची पहिली इयत्ता. चहाच्या रंगाचा प्लग म्हणजे आत सगळं ठीक. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन भाजतोय. धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर हेडच्या पॅकिंगमधून पाणी आत येतंय. आणि प्लगवर चंदेरी कण चिकटलेले दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. तिथे पुढची चर्चा संपते, इंजिन खोलावंच लागतं. या इंजिनाचा वरचा प्लग तपकिरी होता. खालचा काळा, ओला, तेलकट. चंदेरी काही नव्हतं.

मग कॉम्प्रेशन गेज. ही चाचणी करायला पाच मिनिटं लागतात, आणि चुकीची करायलाही तेवढीच. इंजिन गरम हवं. दोन्ही प्लग काढलेले हवेत, नाहीतर दुसरा सिलिंडर दोरीचा जोर खातो. प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ केलेल्या हव्यात, म्हणजे विजेचं युनिट जळत नाही आणि ठिणगीने पेट्रोलच्या वाफा पेटत नाहीत. थ्रॉटल पूर्ण उघडा, नाहीतर इंजिनाला श्वासच मिळत नाही. मग चार-पाच दमदार झटके, सुई चढायची थांबेपर्यंत, आणि दोन्ही सिलिंडरना सारखेच. वरचा सिलिंडर 116 पौंड. खालचा 94.

तरुणाने फोनवर भागाकार केला. 19 टक्के फरक. "काका, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेलं की खोलायचं, असंच ना?" त्याचं बरोबर होतं. दोन सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या आत असला तर चांगलं, 15 च्या वर गेला तर काहीतरी बिघडलंय, हा मेकॅनिकांचा जगभरचा ठोकताळा आहे. नुसत्या आकड्यापेक्षा हा फरक जास्त बोलतो, कारण आकडा गेजगणिक आणि जागेगणिक बदलतो. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथली हवा सहा-साडेसहा टक्क्यांनी विरळ. मुंबईच्या धक्क्यावर 125 दाखवणारं इंजिन भोसरीत 117 च्या आसपास दाखवतं, आणि त्याचं काहीही बिघडलेलं नसतं. पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करून इथे किती धडधाकट इंजिनं उगाच खोलली गेली असतील, या विचाराने काका आजही अस्वस्थ होतात.

पण 19 टक्के म्हणजे बिघाड, हे त्यांनाही मान्य होतं. प्रश्न होता कसला बिघाड. त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल खालच्या सिलिंडरमध्ये सोडलं आणि पुन्हा गेज लावला. सुई 110 वर गेली. ऑइलने फट बुजते आणि दाब वाढतो, म्हणजे गळती रिंगांपाशी आहे. पॅकिंग फुटलं असतं तर ऑइलने एवढा फरक पडला नसता. इथे चमचाभर म्हणजे चमचाभरच. जास्त ओतलं तर ऑइलच जागा व्यापतं आणि आकडा खोटा फुगतो.

इथपर्यंतचं ऐकून चौघांनी माना डोलावल्या. रिंगा गेल्या, म्हणजे बोअर-पिस्टन आलंच.

काका म्हणाले, "रिंगा गेल्यात, की रिंगा अडकल्यात?"

अनेक जुन्या इंजिनांचं नशीब या प्रश्नावर ठरतं. रिंग पिस्टनच्या खाचेत सैल हलायला हवी. ती आतून बाहेर दाबली जाते आणि सिलिंडरला टेकते. खाचेत कार्बन भरला की ती जागच्या जागी चिकटते. झिजलेली नसते, पण काम करत नाही. गेजला या दोन्हींतला भेद कळत नाही. तो कळायला इंजिनाच्या सवयी माहीत असाव्या लागतात. हे इंजिन तासन् तास मंद गतीने चालत होतं, म्हणजे आतली उष्णता कार्बन जाळण्याइतकी कधी चढतच नव्हती. त्यात गटातल्या कुणीतरी 'इंजिनाला बरं' म्हणून लिटरला 20 ऐवजी 40 मिली ऑइल घालायची प्रथा पाडली होती. नव्या इंजिनाला पहिल्या काही तासांत एवढं ऑइल देतात हे खरं. 15 वर्षं देत नाहीत. त्यावर खालच्या सिलिंडरच्या प्लग कॅपमध्ये गंज धरलेला. ठिणगी तपासली तर वरची निळी, कडकडीत. खालची पिवळी आणि मरतुकडी. अर्धवट जळलेलं ऑइल वर्षानुवर्षं एकाच पिस्टनवर बसत होतं. धुराचं कारण सापडलं. गरम असताना सुरू न होण्याचंही अर्धं कारण हेच, कारण तापलेल्या जोडातून दुबळी ठिणगी आणखी दुबळी होते.

तरुणाने खिशातून आपलं हत्यार काढलं: मोबाइलला जोडायची बारीक कॅमेऱ्याची नळी. कारखान्यात असल्या नळीने भोकांच्या आतली फिनिश तपासतात, तशीच त्याने घरी आणून ठेवली होती. काकांच्या उमेदवारीच्या काळात हे नव्हतं. तेव्हा हेड उतरवल्याशिवाय आत बघायला मिळत नसे. दोघांनी डोकं लावून स्क्रीनवर पाहिलं. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून ओळखू येत होत्या. एक्झॉस्टच्या बाजूला दोन-तीन उभे ओरखडे होते, पण पिस्टनचा धातू भिंतीला चोपडला गेलेला कुठेच नव्हता. पिस्टनच्या माथ्यावर मात्र कार्बनचा जाड, खवल्यांचा थर.

"आता खोलायचं नाही," काकांनी ठरवलं. "आधी धुवायचं."

गरम इंजिनात कार्बोरेटरमधून कार्बन सोडवणारा फवारा मारत, ते गुदमरून बंद पडेपर्यंत चालवलं. प्लगच्या भोकांतून आणखी द्रव सोडून चाक हाताने फिरवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाळ्याबाहेर इंजिन सुरू केलं, तेव्हा शेजारच्या लेथवाल्याने धूर पाहून धावत येऊन विचारलं, काय पेटलं म्हणून. अर्ध्या तासाने धूर विरला. नवे प्लग, नव्या कॅप, मग पुन्हा गेज. वरचा 117, खालचा 110. फरक 6 टक्के.

इथे खर्च झाला होता दोन प्लग, दोन कॅप आणि एका फवाऱ्याचा. बोअर-पिस्टनचं काम केलं असतं तर या गटाची वर्षाची वर्गणी संपली असती, आणि काकांच्या गाळ्याला महिन्याभराचं काम मिळालं असतं. हे काम त्यांनी हातचं जाऊ दिलं, याची नोंद इथे व्हायला हवी. दुरुस्तीच्या धंद्यात 'काम नाही' असं सांगणारा माणूस दुर्मीळ असतो, आणि गिऱ्हाइकाला त्याची किंमत बहुधा कळतही नाही.

बाकीची दुखणी भराभर निघाली. शेपटीचा खालचा भाग उतरवला तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर कडक होऊन त्याची पाती एकाच बाजूला वळून बसलेली. पुराच्या पाण्यातली रेती त्याच्या घरावर चरे पाडते, आणि जलपर्णी पाणी ओढायच्या जाळीवर बसते. पवना आणि इंद्रायणीवर जलपर्णीचे गालिचे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. इम्पेलर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचा असतो. इथे तो कधी बदलला होता, हे वहीत नव्हतं. पेट्रोलची नळी आतून सुटून तिचा पापुद्रा लोंबत होता, पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा ताठरला होता.

पेट्रोलबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण जुन्या टू-स्ट्रोकचा आजचा मोठा शत्रू तेच आहे. आपल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी महिनोन् महिने अर्धी भरून ठेवली, त्यातही पावसाळ्यात, की ओढलेलं पाणी एका मर्यादेपलीकडे जातं आणि इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरातच राहतं. टाकीतली नळी ओढते तळातून. म्हणजे इंजिनाला सगळ्यात आधी मिळतं ते बिनऑइलचं पाणचट मिश्रण, आणि टू-स्ट्रोकमध्ये बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत सगळ्यांना वंगण देणारं दुसरं काहीच नसतं. अशा वेळी धडधाकट इंजिनही काही मिनिटांत जाम होऊ शकतं. गटाच्या टाकीत ऑक्टोबरातलं पेट्रोल मे महिन्यात शिल्लक होतं. काकांनी ते काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं आणि सकाळी चौघांना दाखवलं. तळाशी एक बोट जाडीचा वेगळा थर स्पष्ट दिसत होता.

एवढं होऊनही तिसरी तक्रार उरली होती. बोट उठत का नाही? पिंपात याचं उत्तर मिळत नाही. बोट बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात नेली. पाण्यात सोडण्याआधी काकांनी पंख्याच्या मधल्या तुंब्यावर आणि बाहेरच्या भागावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. पंख्याच्या मध्ये रबराची बुश असते. दगड-ओंडक्यावर पंखा आपटला तर धक्का तिने झेलायचा आणि गिअर वाचवायचे. चार माणसं बसवून थ्रॉटल दिला. इंजिन ओरडलं, बोट रांगली. काठावर आणून पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे झाले होते, एकमेकांपासून दोन बोटं सरकलेले. रबर सुटलं होतं. दांडा फिरत होता, पंखा मागे घसरत होता. स्कूटरची क्लच प्लेट घासल्यावर व्हायचं तसंच. "आवाज वाढतो पण ओढत नाही, हे तुम्हीच सांगितलं असतंत तर मी तिथेच पाहिलं असतं," काका म्हणाले. खरं तर त्यांनी ते सांगितलं होतं. 'पॉवर गेली' असं सांगितलं होतं, आणि पॉवर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पिस्टन येतो.

पंखा बदलला. दुसऱ्या खेपेला तीच चार माणसं घेऊन बोट उठली आणि टॅकोमीटरवर 5200 फेरे दिसले. पुस्तकात या इंजिनाचा पूर्ण थ्रॉटलचा पल्ला 5000 ते 5500 होता.

गोष्ट इथे थांबवली तर चुकीचा समज होईल, की जुनं इंजिन कधी खोलायचंच नसतं. त्याच गाळ्यात त्याआधीच्या वर्षी नेमकं उलटं घडलं होतं. दुसऱ्या एका ठिकाणाहून आलेलं ओबीएम पुरात बोट उलटून, चालू असतानाच बुडालं होतं. बाहेर काढून, पुसून, उन्हात ठेवून, बाराव्या दिवशी ते काकांकडे आलं. कॉम्प्रेशन घेतलं: 112 आणि 110. मालकाचं म्हणणं, आकडे चांगले आहेत, प्लग बदला आणि द्या.

काकांनी ते खोललं. कॉम्प्रेशन गेज फक्त इंजिनाच्या वरच्या मजल्याबद्दल बोलतो. पिस्टन, रिंगा, पॅकिंग. खालच्या मजल्यावर क्रँक आहे, त्याची रोलर बेअरिंगं आहेत, ऑइल सील आहेत, आणि त्यांच्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. चालू इंजिनात पाणी शिरलं की ते दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. रॉड सरळ राहिला तरी बेअरिंगमध्ये अडकलेलं पाणी दोन-तीन दिवसांत गंज धरवतं. बुडालेलं इंजिन बाहेर काढल्यावर काही तासांच्या आत पाणी काढून, ऑइल सोडून, सुरू करून कोरडं करता आलं तर ते वाचतं. बारा दिवसांनी नाही. क्रँककेस उघडली तेव्हा खालच्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे डोळ्यांना दिसत होते. तसंच चालवलं असतं तर वीस-पंचवीस तासांत एखादा रोलर फुटून त्याचे तुकडे पिस्टनपर्यंत गेले असते. आणि ते नेमकं कुठे घडलं असतं? शेडमध्ये नाही. पाण्याच्या मध्यावर, पूर्ण थ्रॉटलला, बोट भरलेली असताना.

त्या इंजिनाचं सगळं काम झालं. क्रँकची बेअरिंगं, सगळे सील, आणि सिलिंडरमध्ये गंजाची रेघ धरली होती म्हणून 0.25 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन. इथे काकांचा नियम कडक आहे: पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअरिंगला द्यायचा नाही. जुन्या मॉडेलचा 0.25 चा पिस्टन मिळेलच याची खात्री नसते. आधी बोअर करून बसलं आणि बाजारात फक्त 0.50 चा मिळाला, तर पुन्हा बोअर. भिंतीचा धातू तेवढा वाया. पिस्टन यायला तीन आठवडे लागले. मग मायक्रोमीटरने पिस्टन मोजून, त्या मापाला सिलिंडर कापला गेला आणि होन झाला. रिंग मोकळ्या सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहिली गेली. सिलिंडरच्या व्यासाच्या दर 25 मिलिमीटरला साधारण 0.1 एवढी ती फट धरतात. हे काम भोसरीच्या एखाद्या गल्लीत जितकं अचूक होतं तितकं कुठेही होत असेल, कारण इथल्या लेथवाल्याच्या हाताला मायक्रॉन ही रोजची गोष्ट आहे. या पट्ट्याच्या श्रीमंतीचा हा भाग कुठल्या गुंतवणुकीच्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून काका गेजच्या आधी आणि गेजच्या नंतर आणखी चार गोष्टी पाहतात. फ्लायव्हील हाताने धरून वर-खाली, आजूबाजूला हलवून बघतात. खेळ लागला की बेअरिंग गेलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक क्रँककेसला आणि मूठ कानाला लावून मंद गतीत ऐकतात. गिअर ऑइल काढून पाहतात. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी आत शिरलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन कधी बुडालं होतं का, कधी धारेशिवाय चाललं होतं का, हे खोदून विचारतात. हे प्रश्न विचारले की माणसं कधीकधी गप्प होतात. ती शांतताही तपासणीत धरायची असते.

मे महिन्यातल्या त्या इंजिनाबद्दल शेवटचा वाद तरुणाने घातला, आणि तो रास्त होता. "काका, 6 टक्के फरक, दोन-तीन ओरखडे. चालेल. पण हे मासेमारीचं इंजिन नाही. कुणी पाण्यात असताना हे बंद पडलं तर? मग आत्ताच नवं का करू नये?"

काकांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. मच्छीमाराचं इंजिन बंद पडलं तर तो वल्हं घेतो, दुसऱ्या होडीला हाक मारतो. पुराच्या धारेत बचावाच्या बोटीला तेवढी उसंत नसते. म्हणून तिच्या इंजिनाची कसोटी जास्त कडक हवी, हे त्यांना मान्यच होतं. पण त्यांचं म्हणणं असं: जूनच्या तोंडावर खोललेलं इंजिन पहिल्या दहा तासांत सगळ्यात कमी भरवशाचं असतं. नव्या रिंगा बसायच्या असतात, पूर्ण थ्रॉटल द्यायचा नसतो, जोडणीतली एखादी चूक असेल तर ती याच तासांत बाहेर येते. असं इंजिन पुरात न्यायचं नाही. पुनर्बांधणी करायचीच असेल तर दिवाळीनंतर करावी, हिवाळ्यात धरणाच्या शांत पाण्यात तास भरून काढावेत आणि मगच पावसाळ्याला सामोरं जावं. तोवर जे मोजून पारखलंय, जे भाराखाली चालवून पाहिलंय, तेच न्यावं.

दोघांचं त्यावर एकमत झालं, आणि एक तह ठरला. इंजिन थंड असताना तिसऱ्या झटक्याच्या आत आणि गरम असताना दुसऱ्या झटक्याच्या आत सुरू झालं पाहिजे. पावसाळ्यात दर आठवड्याला हे करून बघायचं आणि वहीत लिहायचं. दोन सिलिंडरमधला फरक पुन्हा 15 टक्क्यांवर गेला, किंवा खालचा आकडा शंभराच्या खाली उतरला, तर चर्चा न करता खोलायचं. पेट्रोल महिन्याच्या वर ठेवायचं नाही, उरलेलं काढून टाकायचं. ऑइल 25 लिटरच्या टाकीला अर्धा लिटर, मापाने. इम्पेलर दर मे महिन्यात नवा. तरुणाने कारखान्यातल्यासारखा तक्ता करून शेडच्या भिंतीवर चिकटवला. काकांनी इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाड पेनने तारीख आणि दोन आकडे लिहिले: 117, 110.

नदीकाठच्या ज्या ज्या गटाकडे, ग्रामपंचायतीकडे, सोसायटीकडे बोट आहे, त्यांनी एवढं तरी करावं. बोट घ्यायला निधी मिळतो, उद्घाटनाला माणसं येतात. गेज, प्लग आणि इम्पेलरसाठी मात्र तरतूद नसते. कॉम्प्रेशन गेज कुठल्याही टूल्सच्या दुकानात मिळतो आणि मे महिन्यातल्या एका सकाळी काम भागतं.

त्या पावसाळ्यात ते इंजिन अकरा वेळा पाण्यात गेलं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेज लावला. वरचा 115, खालचा 108. इंजिन अजून खोललेलं नाही.